पट्ट्यापाशी कोण कोण थांबलं

रस्त्यावर उकिडवं बसून काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. किस्से स्वतःच गाडीवर बसून येतात, आपल्यापाशी ब्रेक मारतात, एक पाय खाली टेकवतात आणि विचारतात, "काय चाललंय?" आमच्या गँगकडं असे इतके साठलेत, की जेवणाच्या सुट्टीत एकानं सुरू केलं की डबा संपतो, किस्सा संपत नाही.

आमची गँग पांढरे पट्टे मारणारी. झेब्रा क्रॉसिंग, कडेच्या रेघा, स्पीड ब्रेकरवरचे पट्टे. बारामतीपासून इंदापूरपर्यंत जिथं काम निघेल तिथं टेम्पो घेऊन जायचं. पावडर बॉयलरमध्ये वितळवायची, तो गरम लगदा ढकलगाडीतनं रस्त्यावर ओढायचा आणि वर काचेची बारीक भुकटी टाकायची, म्हणजे गाडीच्या लाइटमध्ये पट्टा चमकतो.

मुकादम बबनतात्या. वीस-बावीस वर्षं हेच काम. दोरी धरून आखणी करणारा मी गणपत, मूळचा पणदऱ्याचा. लाल झेंडा दाखवून गाड्या अडवणाऱ्या सुनंदाताई. आणि बंदोबस्ताला ट्रॅफिकच्या हवालदार गायकवाड मॅडम. त्या आमच्या गँगच्या नव्हेत, पण आमच्याबरोबर इतकं ऊन खाल्लंय की आमच्या डब्यातल्या भाजीवर आता त्यांचाही हक्क आहे.

*

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा. मी आधी बोर्ड पेंटर होतो. दुकानाच्या पाट्या, डेअरीच्या भिंती, ट्रॉलीच्या फाळक्यावर पोरांची नावं. मग फ्लेक्स आले आणि माझा ब्रश वाळला. तात्यांनी मला गँगमध्ये घेतलं आणि पहिलंच काम दिलं ते बारामतीत एका शाळेजवळ. रस्त्यावर 'सावकाश' लिहायचं.

मी जीव ओतला! कान्यांना अशी वळणं दिली की विचारू नका. वर कडेनं काळी सावलीसुद्धा दिली, म्हणजे अक्षर उठून दिसावं.

अक्षरं वाळली, रस्ता मोकळा केला. पहिलाच मोटरसायकलवाला अक्षरावर आला आणि भर रस्त्यात थांबला. मान वाकडी करून वाचलं आणि म्हणाला, "वा! कुणाचं अक्षर हे?"

मी छाती फुगवून पुढं होतोय तोवर मागनं दुधाचा टेम्पो आला. त्यानं असा ब्रेक दाबला की आतली कॅनं एकमेकांवर आदळली. मोटरसायकलच्या नंबरप्लेटमध्ये आणि टेम्पोच्या बंपरमध्ये वीतभर जागा उरली असेल.

तात्या ओरडले नाहीत. माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गणपा, बोर्ड वाचायला मानूस थांबला तर धंदा व्हतो. रस्ता वाचायला थांबला तर मरतो. पुस ती सावली."

*

बारामतीच्याच एसटी स्टँडजवळ एकदा सकाळी झेब्रा मारला. पट्टा गार झाला, रस्ता अडवायला ठेवलेले प्लास्टिकचे कोन उचलले. एक आजी आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत मेथीच्या जुड्या. आल्या त्या झेब्र्याच्या कडेकडेनं निघाल्या. पट्टा संपतो तिथून बरोबर दोन बोटं लांब, काळ्या डांबरावरनं.

तात्या म्हणाले, "आजी, पट्ट्यावरनं जावा की. त्यासाठीच काढलाय."

आजी तिथंच थांबल्या. "आत्ताच काढलाय न्हवं?"

"व्हय, आत्ताच."

"मग तुडवू कशी? तुमी उन्हातान्हात वाकून काढायचं आन आमी त्यावर पाय द्यायचा व्हय?"

"तुडवायलाच काढलाय, आजी!"

आजींना काही ते पटेना. शेवटी सुनंदाताईंनी झेंडा वर केला, दुसऱ्या हातानं आजींचं मनगट धरलं. आजींनी आधी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मग पट्ट्यावर पाय ठेवला. दोन्ही बाजूला गाड्या उभ्या. पलीकडं पोचल्यावर चपला खाली टाकल्या, पायात सरकवल्या आणि वळून न बघता बाजाराच्या दिशेनं गेल्या.

तात्या बॉयलरचं झाकण लावायला वळले. मग म्हणाले, "लोकं ह्याच्यावर थुकत्यात, गाड्या लावत्यात. चपला काढणारी पहिलीच."

*

आता मॅडमचा एक. एका कॉलेजसमोर आम्ही बाजूची रेघ मारत होतो. झेब्रा आधीच होता. त्या झेब्र्यावर नेमकी एक जीप येऊन थांबली. नवी कोरी. आत पांढऱ्या कपड्यातले एक साहेब, कानाला फोन. कॉलेजच्या पोरी बॉनेटला वळसा घालून चालत्या गाड्यांच्या मधनं पलीकडं चालल्या होत्या.

मॅडमनी काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

"पावती फाडा मॅडम, घाईत आहे."

"पावती फाडतेच. त्याच्याआधी माझं एक काम करा," मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "समोरच्या टपरीतनं पाण्याची बाटली आणा. सकाळपासनं घसा कोरडा पडलाय. गाडी बाजूला लावा, मी बघते."

साहेब चक्रावले, पण खाकीपुढं काय बोलणार? गाडी लावली, उतरले, झेब्र्यावर आले. एक पाय पुढं टाकला. डंपर! पाय मागं. परत पुढं. दोन मोटरसायकली दोन्ही बाजूंनी. मागं. हात वर केला, कुणी बघितलं नाही. एकदा निम्म्यापर्यंत गेले आणि मधोमध अडकले. पुढनं एसटी, मागनं रिक्षा, साहेब पोट आत घेऊन उभे!

आमचं काम थांबलं. सुनंदाताईंचा झेंड्याचा हात दोनदा आपोआप उठला. मॅडमनी डोळ्यानंच दाबला.

जाऊन यायला त्यांना दहा-बारा मिनिटं लागली असतील. परत आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

"मॅडम," धापा टाकत म्हणाले, "अहो, कुणी थांबतच न्हाय!"

मॅडमनी बाटलीचं झाकण काढलं आणि बाटली त्यांच्याच हातात दिली. "प्या आधी," म्हणाल्या.

*

पणदऱ्यात काम निघालं तेव्हा मला कोण आनंद! आपल्या गावात आपल्या हातचा झेब्रा. शाळेच्या दारात मारला. आमच्या आळीतले शंकरअप्पा संध्याकाळी पाच म्हशी घेऊन गोठ्याकडं निघाले. रोजचा रस्ता. पुढची म्हैस झेब्र्यापाशी आली, पहिल्या पट्ट्याचा वास घेतला आणि जागच्या जागी थांबली. मागच्या चारही थांबल्या.

अप्पांनी शेपटी पिरगाळली, हाळी दिली, ढकलून बघितलं. म्हैस ढिम्म. तिला ते पांढरं-काळं म्हणजे खड्डे वाटत असावेत. दोन्ही बाजूला गाड्यांची रांग लागली. ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकली, सगळे हॉर्नवर.

"गणपा!" अप्पा माझ्यावर गरजले. "तुझंच काम हाय न्हवं हे? पुस आदी!"

तेवढ्यात मॅडम पुढं आल्या. रांगेतल्या गाड्यांकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "हॉर्न बंद करा! हिच्याकडं लायसन न्हाय, तरी पट्ट्यापाशी थांबली. बघून शिका काहीतरी!"

अख्खा रस्ता हसला. अप्पा सोडून. त्यांनी शाळेच्या शेजारच्या घरातनं चार पोती आणली, पट्ट्यांवर अंथरली आणि त्यावरनं म्हशी पलीकडं नेल्या.

पुढं सहा-सात दिवस अप्पा रोज पोती अंथरायचे. मग एक दिवस पोती नसताना पुढची म्हैस सरळ चालत गेली. सवय झाली.

म्हशींना, म्हणतोय मी.

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण आमच्यात तो सांगितल्याशिवाय जेवणाची सुट्टी संपत नाही.

गळिताचा हंगाम होता. इंदापूर तालुक्यातल्या एका गावात शाळेसमोर झेब्रा. मॅडम पट्ट्यापाशी हात आडवा करून उभ्या, पोरं निम्म्यात. उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, माथ्यापर्यंत भरलेल्या. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, पण गाडी थांबता थांबता झेब्रा ओलांडून पुढं गेली. सुनंदाताईंनी दोन पोरींना दप्तराला धरून मागं ओढलं. कुणाला खरचटलंही नाही, पण एका पोरीची पाण्याची बाटली चाकाखाली गेली. तो आवाज मला अजून येतो.

मॅडम धावत गेल्या. "खाली उतर! पट्टा दिसला न्हाय? मी दिसले न्हाय?"

ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा माणूस. "दोनी दिसलं, मॅडम. मी ब्रेक दाबला की. मी थांबलो. मागचा ऊस थांबला न्हाय."

मॅडमनी पावतीपुस्तक काढलं.

"तुमी हितं हात करताय," तो म्हणाला. "हितं हात दिसून मला उपेग न्हाय. त्या वडापाशी हात दिसला असता तर मी हितं उभा ऱ्हायलो असतो. तितनं दिसलं पायजे आमाला."

वड तिथून चांगला लांब होता. मॅडमनी वडाकडं बघितलं, ट्रॉल्यांकडं बघितलं. केस केली ती केलीच, त्यात सूट नाही. पण केस करून झाल्यावर चालत वडापर्यंत गेल्या आणि तिथं उभ्या राहिल्या. पुढचा ट्रॅक्टर त्यांचा हात बघून वेग कमी करत आला आणि झेब्र्याच्या अलीकडं गुपचूप थांबला. दोन म्हातारी माणसं बोलत बोलत रस्ता ओलांडून गेली, त्यांना काही घडलंय याचा पत्ताही नव्हता.

नंतर मॅडमनी लिखापढी करून त्या वडापाशी रस्त्यावर 'पुढे शाळा' असं लिहून घेतलं. मीच लिहिलं. बिनसावलीचं, उभं ताणून, ट्रॅक्टरच्या सीटवरनं वाचता येईल असं.

मॅडम डबा उघडताना म्हणाल्या, "आमच्या ट्रेनिंगला शिकवायला त्या माणसाला बोलवायला पाहिजे होतं."

*

लोणी देवकरला एमआयडीसीतल्या रस्त्यावर तीन दिवस काम चाललं. शिफ्ट सुटली की बायकांचा लोंढा बाहेर पडायचा, आणि समोर कंटेनर, टँकर. आम्ही काम करत असताना सुनंदाताई झेंडा धरून उभ्या असायच्या, त्यामुळं तीन दिवस त्या बायका आरामात गेल्या.

तिसऱ्या दिवशी काम संपलं. झेब्रा झकास! कोन टेम्पोत टाकले, सुनंदाताईंनी झेंडा गुंडाळला. तेवढ्यात शिफ्ट सुटली. बायका आल्या, पट्ट्यापाशी थांबल्या आणि झेंड्याकडं बघायला लागल्या.

"ताई, चालला व्हय?" एकीनं विचारलं.

"व्हय, झालं की काम. हा बघा पट्टा."

बायकांनी पट्ट्याकडं बघितलं. मग समोरनं येणाऱ्या टँकरकडं बघितलं. टँकर पट्ट्यावरनं निघून गेला.

संध्याकाळी बारामतीत सामान उतरवताना तात्यांनी विचारलं, "झेंडा कुटाय?"

"राहिला वाटतं," सुनंदाताई दुसरीकडं बघत म्हणाल्या.

महिन्यानं आम्ही त्याच रस्त्यानं चाललो होतो. शिफ्ट सुटली होती. सगळ्यात पुढं एक किडकिडीत बाई, हातात आमचा लाल झेंडा, चेहरा असा की साक्षात कलेक्टर! दोन्ही बाजूला कंटेनर उभे आणि मागनं चाळीस-पन्नास बायका गप्पा मारत चाललेल्या. आमच्या टेम्पोलासुद्धा तिनं झेंडा दाखवला. आम्ही थांबलो.

तात्या म्हणाले, "राहिला ते बरं झालं."

*

तात्यांची एक खोड होती. आयुष्यभर झेब्रे मारले, पण स्वतः कधी झेब्र्यावरनं रस्ता ओलांडला नाही. दहा पावलांवर पट्टा असला तरी हा माणूस मधनंच जाणार. मॅडमनी एकदा पकडलंच.

"तात्या, पट्टा तिकडं आहे."

"मीच मारलाय मॅडम, मला ठावं हाय."

"मग?"

"पट्ट्यावर मानूस आला की त्याला वाटतं गाडी थांबंल. मग तो बघायचं सोडतो. मी बघून जातो. मला नगं पट्टा."

"मग मारता कुणासाठी?"

तात्यांनी विचार केला. "ज्याला बघता येत न्हाय त्याच्यासाठी."

गेल्या वर्षी तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याला धुरकट दिसतंय. सुट्टी घ्या म्हणलं तर ऐकेनात, आम्ही काम करतोय का झोपा काढतोय ते बघायला आले. रिक्षा पलीकडं उतरवून गेली. आम्ही अलीकडं. तात्या कडेला उभे राहिले, चष्मा वर-खाली केला. मग काठावरनं पाय सरकवत सरकवत वीस पावलं बाजूला गेले, बुटानं पट्टा चाचपला आणि त्यावरनं निघाले. एक हात पुढं धरून.

मी धावणार होतो. मॅडमनी माझा दंड धरला आणि स्वतः रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या. सगळी वाहतूक थांबवली. तात्यांना ते दिसलं नाही. अलीकडं आले आणि आम्हाला म्हणाले, "हितल्या लोकांना वळण चांगलं हाय. थांबली की सगळी!"

आम्ही अजून सांगितलेलं नाही.

*

आता शेवटचा.

वरकुट्याच्या बाजूला आम्ही रस्त्याच्या कडेच्या रेघा मारत होतो. रस्त्यालगत एक घर, समोर पलीकडच्या बाजूला पिठाची गिरणी. त्या घरातले आबा सत्तरीचे. पहिल्या दिवशी आम्हाला तांब्याभर ताक आणून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तात्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "हितं आडवं पट्टं मारता का? दारापासनं गिरणीपत्तोर."

तात्या म्हणाले, "आबा, आमाला वरनं कागद लागतो. आमच्या मनानं न्हाय मारता येत."

आबा 'बरं' म्हणाले. शेजारच्या माणसानं मग आम्हाला सांगितलं. आबांची बायको, पारूबाई, वर्षापूर्वी तिथंच गेली. दळण घेऊन परत येत होती. मोटारीवाला थांबलासुद्धा नाही.

आम्ही काम आटपून निघून आलो. दुसरं काय करणार?

महिन्याभरानं मॅडमचा फोन. "तात्या, वरकुट्याला कुणीतरी रस्त्यावर चुन्यानं पट्टे काढलेत. तक्रार आलीय. मी चाललेय, तुम्ही पण या."

गेलो. घरापासनं गिरणीपर्यंत चुन्याचे अकरा पट्टे. एक जाड, एक बारीक, एक पार तिरका. भिंतीला द्यायच्या कुंच्यानं काढलेले. आबा ओट्यावर बसले होते, पायाच्या बोटांना चुना.

"आबा, असं आपल्या हातानं रस्त्यावर काढता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग कुणी काढायचं?"

"अर्ज करावा लागतो."

आबा आत गेले आणि कागद घेऊन आले. घडीवर फाटलेला. अर्ज केव्हाच केला होता, फक्त कुठं द्यायचा ते त्यांना माहीत नव्हतं. देवाच्या फोटोमागं ठेवला होता.

मॅडमनी तो उभ्यानंच वाचला. घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. चुना पुसा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

कागद फिरायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागले. मोजणी झाली, पाहणी झाली. तेवढ्या दिवसांत चुना पुसला जायचा, आबा परत काढायचे. पावसाळ्यात तर दर उघडिपीला. शेवटी आमच्या हातात ऑर्डर आली.

आम्ही रस्ता झाडला, मी दोरी धरली. तात्यांनी आबांच्या पट्ट्यांच्या बरोबर मधनं माप घेतलं आणि म्हणाले, "गणपा, जागा हलवू नगं. अशीच ऱ्हाऊ दे." मग आबांना विचारलं, "हीच जागा कशी धरली, आबा?"

"ती हितनंच जायची," आबा म्हणाले.

दुपारपर्यंत पट्टे मारून झाले. भुकटी टाकली, गार होऊ दिले. कडेला बोर्ड लावला. मॅडम लांब जाऊन उभ्या राहिल्या. सुनंदाताईंनी नवा झेंडा गुंडाळून काखेत धरला. तात्या म्हणाले, "चला आबा. पयला मान तुमचा."

आबांनी धोतर झटकलं, टोपी नीट केली आणि पट्ट्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

एक मोटार आली. वेग कमी झाला. पट्ट्याच्या अलीकडं थांबली. ड्रायव्हरनं हातानं 'जावा' अशी खूण केली. आबा हलले नाहीत. दुसऱ्या बाजूनं एक टेम्पो आला, तोही थांबला. त्याच्यामागं मोटरसायकल, ट्रॅक्टर. कुणी हॉर्न वाजवला नाही. आबा प्रत्येक गाडीकडं बघत उभे. मिनिट गेलं असेल.

तात्या जवळ गेले. "आबा, चला की. थांबलेत तुमच्यासाठी."

आबांनी मान हलवली.

"मला कुटं जायचंय पलीकडं?" ते म्हणाले. "थांबत्यात का, तेवढंच बगत हुतो."